सात नंबरचा टॉर्च

३ मार्च, सोमवार

सात नंबरचा टॉर्च उघडत नाही. सकाळी नुसत्या हाताने पाहिला, मग रबरी हातमोजे घालून पाहिला. डोकं आणि नळी एकाच धातूतून ओतल्यासारखी घट्ट बसली आहेत.

झालं ते नीट लिहून ठेवतो. शनिवारी भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एका मालवाहू जहाजाखाली पंखा तपासायला उतरले होते. पाणी गढूळ, त्यात जहाजाची सावली. थोड्याच वेळात ते वर आले, मुखवटा काढला आणि म्हणाले, “टॉर्च गेला.” पुन्हा उतरायचं म्हटल्यावर कान दुखतो म्हणाले. काम तसंच राहिलं, जहाज उशिरा सुटलं, मालकांचा फोन आला.

आज मुकादमांनी मला बोलावलं. पाणबुड्यांचे टॉर्च धुणं, उघडणं, रिंगला ग्रीस लावणं, सेल बदलणं आणि बंद करून ठेवणं हे माझं काम. ते मला भाऊजींनीच मिळवून दिलं आहे.

मुकादम म्हणाले, “उघड आणि मला सांग. आत पाणी निघालं तर बंद करणारा चुकला, तू घरी. कोरडा निघाला तर टॉर्चला काही झालेलं नाही, तुझे भाऊजी घरी. मला मालकांना एक नाव द्यायचंय.”

मी म्हटलं, “साहेब, कोरडा टॉर्चही बंद पडू शकतो. स्विच असतो, स्प्रिंग असते.”

“मग ते दाखव.”

बाहेर बेडक्या उभा होता. तो आमचा दुसरा पाणबुड्या. डोळे बाहेर आलेले आहेत म्हणून सगळे त्याला तसंच म्हणतात, तोही म्हणतो. शनिवारी भाऊजींच्या कमरेची दोरी, पाणबुड्या खाली जाईल तशी सोडायची ती, त्याच्याच हातात होती. तो म्हणाला, “तू घरी जा नाहीतर ते घरी जावोत, घर एकच. कशाला एवढं तोंड पाडतोस?” आणि स्वतःच हसला. मला हसू आलं नाही.

४ मार्च, मंगळवार

मला केसाची भीती वाटते आहे.

टॉर्चच्या डोक्याखाली रबराची एक काळी रिंग असते. सगळं पाणी ती अडवते. तिच्यावर एक केस पडला, सुताचा तंतू पडला, वाळूचा कण राहिला, तरी खाली दाब वाढला की तिथूनच पाणी शिरतं. म्हणून मी रिंग काढायला पिन किंवा पाना वापरत नाही, प्लास्टिकची बोथट पट्टी वापरतो. रिंग बोटांत फिरवून पाहतो, खाच पुसतो, पुन्हा पाहतो. ग्रीस एवढंच लावायचं की रिंग चमकली पाहिजे; जास्त लावलं तर तेच कचरा धरतं.

शनिवारी सकाळी हे सगळं केलं होतं. केलं होतं हे आठवतं. पण सात नंबरचं केलेलं आठवतं की आठ नंबरचं, ते आता सांगता येत नाही. रोज तेच हात, तेच टेबल. सगळे दिवस एकमेकांवर बसले आहेत.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नव्हती. आमच्याकडे शेवटचा आटा जो उतरणार तोच फिरवतो. मी टॉर्च जवळजवळ बंद करून देतो आणि धक्क्यावर पाणबुड्या स्वतःच्या हाताने पुरा आवळतो. कोणी घालून दिलं माहीत नाही, पण मोडत कोणी नाही. भाऊजींचा हात जड आहे. अलीकडे त्यांचे सगळेच टॉर्च माझ्याकडे फार आवळलेले येतात. ताकद आहे माणसात.

६ मार्च, गुरुवार

कोमट पाण्यात व्हिनेगर घालून टॉर्च दोन रात्री बुडवून ठेवला होता. आट्यांतलं मीठ सुटलं असावं, पाण्यावर पांढुरकी साय धरली. दात घासायच्या जुन्या ब्रशने सांधा घासला. सुटला नाही.

भाऊजींचा कान अजून दुखतो आहे. पाण्यात उतरत नाहीत, धक्क्यावर दोऱ्या गुंडाळतात. संध्याकाळी घरी आले की पहिला प्रश्न, “काय मेव्हणे, उघडली का तिजोरी?”

“नाही अजून.”

“राहू दे. एवढं काय त्यात.” मग जेवताना म्हणाले, “मी सांगू? दे माझ्याकडे. फेकतो पाण्यात. पडला हातातून, संपला विषय. ना तू घरी, ना मी घरी.”

मी म्हटलं, “भाऊजी, तो मालकांचा टॉर्च आहे.”

ते ताईकडे बघून हसले. “बघ तुझा भाऊ. याला देवाने माणूस करायचं सोडून पावती केलं असतं तरी चाललं असतं.”

ताई हसली नाही. तिने त्यांच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, “त्याला उघडू दे.”

भाऊजी मला वाचवायला स्वतःवर आळ घेऊ बघत होते, असं मला नंतर वाटलं.

७ मार्च, शुक्रवार

केस बारीक कापून घेतले. अगदी मुळापाशी. यापुढे केस हे कारण तरी राहणार नाही.

ताई दार उघडून बघतच राहिली. “तुरुंगातून सुटलास की पळालास?”

भाऊजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “माझ्यामुळे टक्कल केलंस होय रे?” त्यांचा हात बराच वेळ तिथेच होता. मी म्हटलं, तुमच्यामुळे नाही, रिंगमुळे.

८ मार्च, शनिवार

आज जोर लावला. जोर लावायच्या आधी काळजी घ्यावी लागते. आत पाणी जाऊन सेल सडले असतील तर त्यांतून वायू निघतो आणि आत कोंडतो. मग आटे सुटल्याबरोबर डोकं बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. म्हणून जाड चष्मा घातला, टॉर्चचं तोंड वाळूच्या पोत्याकडे केलं, आणि स्वतः एका अंगाला उभा राहिलो. नळी लाकडी फळ्यांमध्ये धरून टेबलाला बसवलेल्या व्हाइसच्या जबड्यात आवळली. डोक्याला रबरी पट्ट्याचा पाना.

पट्टा घसरला, नळी फिरली, माझं मनगट मुरगळलं. नळी दाबून धरायला दुसरा माणूस हवा. भाऊजी रिकामेच होते, त्यांना बोलावलं. त्यांच्याइतका जोर इथे कोणाच्याच हातात नाही.

ते आले. टॉर्चकडे बघत थोडा वेळ दारातच थांबले. मग म्हणाले, “तू धर, मी फिरवतो.” मी वाकून नळी दाबून धरली. त्यांनी पाना धरला आणि असा जोर केला की टेबल सरकलं. कपाळावर घाम आला. टॉर्च सुटला नाही.

“नाही रे होत. हा आता असाच राहणार,” ते म्हणाले.

ते गेल्यावर एक गोष्ट दिसली. सांधा किती हलतो ते कळावं म्हणून मी डोक्यावरून नळीवर पेनाने एक सरळ रेघ मारून ठेवली होती. रेघ तुटली होती, पण उलट्या बाजूला. म्हणजे डोकं सुटायच्या ऐवजी आणखी आवळलं गेलं आहे. घाईत भाऊजींची दिशा चुकली असावी. समोरासमोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं, माझंही होतं. त्यांना सांगितलं नाही. एवढी मदत केली आणि वर चूक कशाला काढायची.

१० मार्च, सोमवार

मुकादम खोलीत येऊन टॉर्च हातात घेऊन बघून गेले. “पंचांग बघून उघडणार आहेस का?” म्हणाले.

दुपारी बेडक्या चहा घेऊन आला. टेबलावर बसू नको म्हटलं तरी बसला.

“एक विचारू? तू मला काहीच का विचारत नाहीस? दोरी माझ्या हातात होती.”

“दोरीचं काय?”

“किती सुटली, किती नाही.”

मी म्हटलं, दोरीचा आणि टॉर्चचा संबंध नाही. पाणी आत शिरायला दोन हात खोलीही पुरते, रिंग खराब असेल तर. दाबाचं त्याला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला, आणि म्हणाला, “तू देवमाणूस आहेस. पण देवमाणसाने असल्या धंद्यात पडू नये.”

माझ्या कामात खोट काढायची त्याची जुनी सवय आहे.

१२ मार्च, बुधवार

उघडला.

नळी बर्फाच्या पाण्यात उभी केली आणि डोक्यावर गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलं, पुन्हा पुन्हा. डोकं फुगतं, नळी आखडते, कुठेतरी जागा होते. मग चष्मा, पोतं, पाना. करकर असा आवाज झाला आणि रेघेचे दोन तुकडे आधी जुळले, मग योग्य बाजूला लांब गेले. उडालं काही नाही. थोडी हवा आत ओढली गेल्याचा बारीक आवाज आला, एवढंच.

आत कोरडं. ठणठणीत कोरडं. टीपकागद सगळीकडे फिरवला, एक ठिपका उमटला नाही. रिंग चमकत होती. तिच्यावर केस नाही, तंतू नाही. आट्यांवर मात्र ओरखडे पडले आहेत, इतकं आवळलेलं होतं.

मला रडू आलं. दार लावून घेतलं होतं. माझी चूक नव्हती.

मग स्विच पुढे ढकलला आणि टॉर्च लागला. भिंतीवर पांढरा गोल पडला. मी बंद केला, पुन्हा लावला. प्रत्येक वेळी लागला.

मला बरं वाटलं ते तिथेच संपलं. कारण आता मुकादम म्हणणार, भाऊजी खोटं बोलले. दोष सापडला पाहिजे.

मुकादमांना जाऊन खरं ते सांगितलं, “कोरडा आहे. इथे लागतो. पण भाऊजी म्हणाले गेला, म्हणजे खाली काहीतरी होत असणार. मी शोधतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, “तुला खरंच तसं वाटतं?”

“हो.”

“सोमवारपर्यंत शोध. सोमवारी मी मालकांना फोन करणार.”

१३ मार्च, गुरुवार

स्प्रिंग खोडरबराने घासून लखलखीत केली. सेल मीटरवर तपासले, भरलेले आहेत. तारेचा झाळलेला सांधा भिंगातून पाहिला. टॉर्च हलवला, आपटला, उलटा धरला. विझत नाही.

घरी सांगितलं. भाऊजी आंघोळीला गेले होते, आतूनच “हं” म्हणाले. हल्ली ते न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ करतात आणि ताई बाहेर पाठ करून भाजी निवडत बसते. दार लावलं तर वाफ कोंडते म्हणे. बाहेर आल्यावर डोकं पुसत म्हणाले, “म्हणजे तुझी नोकरी वाचली.”

“हो. आता तुमची.”

ते टॉवेल तसाच तोंडावर धरून उभे राहिले. मग म्हणाले, “माझं सोड.”

“सोडतो कसा? तुम्ही खोटं बोलला असं ते म्हणतील.”

ताईच्या हातातली जुडी खाली पडली. ती उचलायला मीच वाकलो.

१५ मार्च, शनिवार

एक युक्ती सुचली आहे. दोष खोलीत दिसणार नाही, कारण खोलीत ना थंडी आहे ना दाब. टॉर्च लावून दोरीला बांधायचा आणि त्याच जागी, तेवढाच खोल पाण्यात सोडायचा. तो तिथे विझला की विषय मिटला. मुकादमांच्या डोळ्यांसमोर विझला पाहिजे.

ताईला आधी सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती.

तिने विचारलं, “आणि नाही विझला तर?”

“तर मला दोष सापडला नाही असं होईल.”

“एवढंच होईल?”

“आणखी काय?”

तिने चिमट्यांची पिशवी खाली ठेवली. भाऊजींचा शर्ट दोरीवर होता, त्याची बाही ती उगाच सारखी करत राहिली. मग म्हणाली, “कर. होऊ दे एकदाचं.”

१७ मार्च, सोमवार

धक्क्यावर जहाज होतं, तेवढंच मोठं. त्याची सावली पाण्यावर पडली होती. लोखंडी शिडी खाली पाण्यात गेली आहे, तिच्या बाजूलाच आम्ही उभे होतो. मुकादम, बेडक्या, मी. भाऊजींना मीच आग्रह करून आणलं. त्यांनी पाहिलं तरच खात्री होईल ना.

मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे करायलाच पाहिजे का?”

म्हटलं, “साहेब, यांच्यासाठीच करतोय.”

टॉर्च लावला, दोरीला दोन गाठी मारल्या आणि बेडक्याने हळूहळू सोडला. पांढरा उजेड हिरवा झाला, मग पिवळट, मग एक डाग राहिला आणि तोही गढूळ पाण्यात गेला. तळ लागल्यावर बेडक्याने दोरी थांबवली. आम्ही थांबलो. मी मनात म्हणत होतो, विझ. कुठल्याही टॉर्चला मी असं कधी म्हटलेलं नाही.

“काढ,” मुकादम म्हणाले.

दोरी वर आली. आधी पिवळट डाग, मग हिरवा, मग टॉर्च. चालू.

मी म्हटलं, “वेळ कमी झाला. धातू पुरता थंड झाला नसेल.” पुन्हा सोडला. या वेळी जास्त ठेवला. बेडक्या माझ्याकडे बघत नव्हता, पाण्याकडेही नाही. वर काढला. चालू.

“खाली प्रवाहाने हलत असेल त्या दिवशी,” मी म्हटलं. “दोरीला झटके देऊ या.” तिसऱ्यांदा सोडला. मीच दोरी हातात घेतली आणि झटके दिले. वर काढला तेव्हा काच माझ्याकडे होती, उजेड सरळ डोळ्यांत गेला.

“अजून एकदा,” मी म्हटलं. “आता जास्त वेळ. तळाला चिखलात—”

“बस कर,” भाऊजी म्हणाले.

ते शिडीच्या कठड्याला धरून उभे होते. बोटं पांढरी पडली होती.

“बस कर, बाबा. नाही विझणार तो. मी लावलाच नव्हता.” मग मुकादमांकडे वळून म्हणाले, “पाणी डोक्यावरून गेलं आणि शिडीवरून हात सुटेना. काही केल्या सुटेना. तिथूनच वर आलो. विचारलंत तेव्हा तोंडातून टॉर्च निघालं.”

मी अजून दोरी धरून होतो. तिला टॉर्च लटकत होता आणि त्याचा उजेड आमच्या बुटांवर हलत होता. बेडक्याने हात पुढे करून तो बंद केला.

१८ मार्च, मंगळवार

भाऊजी कामावर आले नाहीत.

मुकादम म्हणाले, त्यांनी भाऊजींना वर कॉम्प्रेसरवर, हवा सोडायच्या कामावर बसायला सांगितलं होतं. भाऊजी नको म्हणाले. दुसऱ्याला खाली पाठवून आपण वर बसायचं हे जमणार नाही म्हणाले. मालकांना मुकादमांनी कळवलं, पाणबुड्याने प्रकृतीमुळे काम सोडलं. माझं नाव आलं नाही. त्यांचं खोटं बोलणंही आलं नाही.

मी सात नंबरचे ओरखडे पडलेले आटे साफ केले. जेवलो नाही.

घरी ताई म्हणाली, “तुला खरंच काहीच कळलं नव्हतं?”

“नव्हतं.”

“माणूस दोन महिने दार लावून आंघोळ करत नाही. घरात एक दिवा बंद करू देत नाही. रोज कामावर जाताना चपला घालून परत आत येतो, पाणी पितो, परत जातो. तुझ्या समोर.”

हे सगळं मी पाहिलं होतं. पाहिलं होतं हे खरं.

“मग तू मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू उघडला असतास का तो?” ती म्हणाली. “मला तो उघडायला हवा होता. एक ना एक दिवस ते खाली गेले असते आणि हात दुसरीकडेच कुठेतरी अडकला असता.” मग माझ्या पाठीवर एक चापट मारली, लहानपणी मारायची तशी, पण जोरात. “आणि तरीही तीन-तीनदा बुडवायची काय गरज होती रे, मेल्या!”

२१ मार्च, शुक्रवार

भाऊजी ट्रकच्या टायरच्या दुकानात विचारून आले. सोमवारपासून बोलावलं आहे. माझ्याशी बोलतात, पण वाढ, दे, बस एवढंच. मेव्हणे म्हणत नाहीत.

२३ मार्च, रविवार

दुपारी मी मागच्या पायरीवर बसलो होतो. भाऊजी येऊन शेजारी बसले. दोघांचीही तोंडं समोरच्या भिंतीकडे.

मीच म्हटलं, “चुकलं माझं.”

“तुझं काय चुकलं? तुझी नोकरी मी पणाला लावली. तोंडातून टॉर्च निघालं तेव्हा तो तू बंद केलास हे डोक्यातच नव्हतं. घरी आलो, तू रडवेला होऊन बसलेला, तेव्हा लक्षात आलं. मग रोज म्हणायचो, आज सांगतो. आणि रोज तुला विचारायचो, उघडली का.” मग म्हणाले, “त्या शनिवारी पाना उलटा फिरवला मी. मुद्दाम.”

“रेघेवरून दिसलं होतं.”

“दिसलं होतं?”

“मला वाटलं दिशा चुकली.”

ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले. म्हणाले, “बेडक्याला माहीत होतं. दोरी सुटलीच नव्हती, त्याला कसं नाही कळणार? मुकादमाला माहीत होतं. तुझ्या ताईला तर माझ्या आधी माहीत होतं. सगळ्यांच्या नजरा कळतात रे. दिवसभर त्या नजरांमधून फिरायचं. आणि घरी आलो की एक तू. टॉर्च घासत बसलेला. तुझ्या मते टॉर्चच गेलेला होता.” त्यांनी पायरीवरचा एक खडा उचलून भिंतीकडे टाकला. “तुझ्याजवळ बसलं की मलाही तसंच वाटायचं. थोडा वेळ.”

खडा जिथे पडला तिथे मी बघत होतो.

“आता काय वाटतं?” त्यांनी विचारलं. “माझ्याबद्दल. खरं सांग, तुला खोटं सांगता येत नाही.”

मी खरंच विचार केला. मग म्हटलं, “तुम्ही शिडीवरून परत आलात ते बरं केलंत. हात सोडून खाली गेला असतात आणि तिथे काही झालं असतं, तर टॉर्चला काय, तो नुसता जळत राहिला असता.”

भाऊजींनी आणखी एक खडा उचलला, पण टाकला नाही. उठूनही गेले नाहीत.